दोघांचे भांडण, तिसऱ्याचा तोटा

नोकरी, छोकरी आणि डोक्यावर छप्पर या मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातल्या तीन मोठ्या चिंता. १ मार्च २०२४ रोजी, एका शुक्रवारी, या तिन्ही चिंतांवर उतारा देणारी अ‍ॅप्स गुगलच्या प्ले स्टोअरमधून एकदम नाहीशी झाली. नोकऱ्यांची माहिती देणारे ‘नोकरी’, स्थळे सुचवणारी ‘शादी’ आणि ‘भारत मॅट्रिमोनी’, घरे दाखवणारे ‘नाइन्टीनाइन एकर्स’ ही नावे घराघरांत परिचयाची. ज्यांच्या फोनमध्ये ती आधीपासून होती त्यांची चालत राहिली. पण नव्याने घेऊ पाहणाऱ्यांना ती सापडेनात. मुलीसाठी नुकतीच स्थळे पाहायला लागलेल्या एखाद्या आईला त्या दिवशी वाटले असेल, की आपल्यालाच हा फोन नीट हाताळता येत नाही. तिने मुलाला हाक मारली असेल, मुलाने फोन बंद करून पुन्हा चालू केला असेल. बिघाड मात्र फोनमध्ये नव्हताच. तिकडे कमिशनच्या पैशावरून काही भारतीय कंपन्या आणि गुगल यांच्यात जुंपली होती. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि अंतरिम दिलासा मिळाला नाही तसा गुगलने हात उगारला होता. केंद्र सरकार मध्ये पडले आणि त्या आठवड्याभरात अ‍ॅप्स परत आली. भांडणाचे मूळ मात्र जागच्या जागी राहिले.

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. बाजाराच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खरीही ठरते. गल्लीत दोन वाणी असले, की तेल चार पैशांनी स्वस्त मिळते आणि उधारीही हसतमुखाने मिळते. मग मोबाइलच्या दुनियेतच ही म्हण उलटी का पडावी? जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्या एकमेकींशी इतक्या इरेला पेटून लढत असताना, त्यांची गिऱ्हाइके असलेल्या आपल्या पदरात लाभाऐवजी तोटा का यावा?

याचे उत्तर शोधायचे तर आधी आपण फोन विकत घेतो म्हणजे नेमके काय घेतो, हे पाहावे लागेल.

एक यंत्र, अनेक मालक

टीव्ही किंवा मिक्सर घरी आणला, की तो आपला झाला. स्मार्टफोनचे तसे नाही. त्याची काच, बॅटरी आणि डबा आपला. पण तो ज्या आज्ञावलीवर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याची, अ‍ॅप्स तिसऱ्याची आणि ती अ‍ॅप्स जिथून घ्यायची ते दुकान पुन्हा त्या दुसऱ्याचेच. चीनचा अपवाद सोडला, तर जगात अशी मोठी दुकाने दोनच आहेत. आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर आणि बाकी जवळजवळ सर्वांसाठी गुगलचे प्ले स्टोअर. भारतात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन गुगलच्या अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी तर दुकान एकच.

अ‍ॅपलने आपले दुकान जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० अ‍ॅप्सनिशी उघडले आणि पहिल्या दिवसापासून नियम केला, की विक्रीतले शंभरातले तीस आमचे. गुगलनेही तोच आकडा उचलला. बाजार समितीत शेतमालावर अडत्या अडत कापतो, तसलाच हा प्रकार. पुढे टीका वाढली तेव्हा लहान व्यावसायिकांसाठी हा दर १५ टक्क्यांवर आला. ही अडत सगळ्यांवर नसते. टॅक्सी, किराणा, रेल्वेचे तिकीट यांवर ती लागत नाही. जे फोनमध्येच मिळते आणि फोनमध्येच वापरले जाते, म्हणजे खेळ, वर्गणी, गाणी, डिजिटल पुस्तके, लग्नाच्या स्थळांचे सभासदत्व, त्यावर ती लागते. वादाचे सगळे निखारे या राखेखाली आहेत.

दुकानदाराचीही बाजू आहे. दुकान सांभाळायचे, लबाड अ‍ॅप्स ओळखून बाहेर काढायची, कोट्यवधी फोनांवर ती सुरक्षित पोहोचवायची, याला खर्च येतो. मार्च २०२४ च्या प्रकरणात गुगलचे म्हणणे असे होते, की हजारो कंपन्या नियमाने पैसे देत असताना दहा कंपन्यांनी वर्षानुवर्षे मुदत मिळूनही ते दिले नाहीत. हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. अडचण वेगळीच आहे. अडत्या पटला नाही, तर शेतकरी दुसऱ्या अडत्याकडे किंवा शेजारच्या बाजारात माल नेऊ शकतो. इथे शेजारचा बाजार नाही. शिवाय दुकानदार स्वतःच कधी त्याच मालाचा उत्पादकही असतो. ज्याच्याशी स्पर्धा करायची, त्याच्याच फळीवर आपला माल मांडायचा!

नकाशाची लढाई

या दोन दुकानदारांचे एके काळी किती गूळपीठ होते, हे आज सांगितले तर खरे वाटणार नाही. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन जगाला दाखवला तेव्हा गुगलचे त्या वेळचे प्रमुख एरिक श्मिट व्यासपीठावर आले होते. ते तेव्हा अ‍ॅपलच्या संचालक मंडळावरही होते. आयफोनमधले नकाशे गुगलचे होते, यूट्यूबही फोनबरोबरच येत असे. पुढे गुगलने अँड्रॉइड आणले, मैत्रीत वितुष्ट आले आणि ऑगस्ट २००९ मध्ये श्मिट यांनी अ‍ॅपलचे संचालक मंडळ सोडले.

नकाशा ही नुसती सोय नव्हती, ते मोक्याचे ठाणे होते. माणूस कुठे जातो, काय शोधतो, हे नकाशावाल्याला कळते. वळणावळणावर बोलून रस्ता सांगण्याची सोय गुगलने अँड्रॉइडला २००९ मध्ये दिली. आयफोनवरच्या नकाशात ती आली नाही. अ‍ॅपलने मग स्वतःचे नकाशे करायला घेतले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलचे नकाशे आयफोनमधून काढून आपले बसवले. ते कच्चे होते. पूल वितळल्यासारखे दिसत, गावे भलत्या जागी सरकलेली. नऊ-दहा दिवसांतच अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली आणि आमचे नकाशे सुधारेपर्यंत दुसऱ्यांचे वापरा, असे स्वतःच्याच गिऱ्हाइकांना सांगावे लागले.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण त्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी लोकांना सावधगिरीचा इशारा दिला. मिल्ड्युरा नावाचे शहर अ‍ॅपलच्या नकाशात खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका ओसाड राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवले होते. फोनवर विसंबून निघालेले प्रवासी तिथे जाऊन अडकत होते. पाण्याचा पत्ता नाही आणि उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपर्यंत जाणारा मुलूख. काही जण तर अन्नपाण्याशिवाय चोवीस तासांपर्यंत अडकून पडले. कॅलिफोर्नियातल्या दोन कंपन्यांचे बिनसले आणि पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या टोकाला एक कुटुंब रानात वाट चुकले.

मात्र ही गोष्ट इथेच संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच डिसेंबर २०१२ मध्ये गुगलने आयफोनसाठी आपले नवे नकाशा-अ‍ॅप आणले आणि त्यात बोलून रस्ता सांगण्याची सोयही दिली. अ‍ॅपलनेही आपले नकाशे वर्षानुवर्षे घासूनपुसून सुधारले. आज आयफोनवाल्याच्या हाती दोन चांगले नकाशे आहेत. म्हणजे भांडणातून शेवटी तिसऱ्याचा लाभही झाला. का झाला? कारण हरलेल्या बाजूला परत यायला दार उघडे होते आणि वापरणाऱ्याला निवड करता येत होती. हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दार बंद झाले की

आता दार बंद असलेल्या गोष्टी पाहू. नोकियाचे रंगीबेरंगी ल्युमिया फोन आठवत असतील. पिवळे, लाल, निळे, हातात घेतले की दणकट वाटणारे. आपल्याकडे कितीतरी घरांतला पहिला स्मार्टफोन तोच होता. त्यात मायक्रोसॉफ्टची विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या फोनसाठी यूट्यूबचे चांगले अ‍ॅप स्वतःच तयार करून आणले. गुगलने लगेच नोटीस पाठवली, की यात जाहिराती दिसत नाहीत, व्हिडिओ उतरवून घेता येतात, हे नियमांत बसत नाही. मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या करून ऑगस्टमध्ये अ‍ॅप पुन्हा आणले आणि गुगलने ते पुन्हा अडवले. कोणाचे किती चुकले याचा कीस काढता येईल. पण यूट्यूब नीट चालत नाही, नवी अ‍ॅप्स येत नाहीत, असा फोन कोण घेणार? लोक घेईनात म्हणून अ‍ॅप्स येईनात आणि अ‍ॅप्स येईनात म्हणून लोक घेईनात. या रहाटगाडग्यात एक धडधाकट पर्याय संपला. २०१९ च्या अखेरीस विंडोज फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या मोबाइल विंडोजचा आधार काढून घेतला. ज्यांनी पै-पै जमवून तो फोन घेतला होता, त्यांचे यंत्र ठणठणीत असूनही कपाटात गेले.

मुलांच्या बाबतीतही असेच घडले. ‘फोर्टनाइट’ हा जगभर गाजलेला खेळ. १३ ऑगस्ट २०२० रोजी तो काढणाऱ्या एपिक कंपनीने खेळातल्या खरेदीचे पैसे थेट आपल्याकडे भरण्याची सोय केली आणि तसे केल्यास सूटही जाहीर केली. म्हणजे अडत बुडवली. अ‍ॅपल आणि गुगल या दोघांनीही त्याच दिवशी खेळ आपापल्या दुकानातून काढला. खटले सुरू झाले. वकिलांच्या फौजा भिडल्या. महिनाअखेरीस खेळाचे नवे पर्व सुरू झाले तेव्हा आयफोनवाली मुले जुन्याच पर्वात अडकून राहिली. कालपर्यंत ज्या मित्रांबरोबर खेळत होती, ते पुढे निघून गेले. अमेरिकेतल्या आयफोनवर हा खेळ अधिकृतपणे परत यायला मे २०२५ उजाडला. म्हणजे तेव्हा बारा वर्षांचा असलेला मुलगा सतरा वर्षांचा होईपर्यंत!

वाचणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. अ‍ॅमेझॉनचे किंडल अ‍ॅप आयफोनवर आहे. पण अ‍ॅपलचे नियम कडक झाल्यावर २०११ पासून त्यातून थेट पुस्तक विकत घेता येईना. आधी ब्राउझर उघडून संकेतस्थळावर जायचे, तिथे पुस्तक घ्यायचे आणि मग अ‍ॅपमध्ये येऊन वाचायचे. अ‍ॅमेझॉनला ३० टक्के द्यायचे नाहीत, अ‍ॅपलला ते सोडायचे नाहीत, आणि हेलपाटा वाचकाला. असे का, हे अ‍ॅपमध्ये कुठे लिहिलेलेही नसते. वाचकाला आपले वाटते, की बटण कुठेतरी असेल, आपल्यालाच दिसत नाही.

भांडण नसले म्हणजे बरे?

मग या कंपन्यांनी आपापसात गोडीगुलाबीने राहावे, असे म्हणावे का? तेही नको. आयफोनवर इंटरनेटवर काही शोधले, तर ते आपोआप गुगलकडे जावे यासाठी गुगल अ‍ॅपलला पैसे देते. किती? अमेरिकन सरकारने गुगलवर भरलेल्या खटल्यात बाहेर आले, की २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर. ज्या दोन कंपन्या नकाशासाठी भांडत होत्या, त्याच इथे गळ्यात गळे घालून बसल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या बाजारातली मक्तेदारी गुगलने बेकायदा मार्गांनी टिकवली आहे. इतके पैसे देऊन जागा आधीच अडवलेली असेल, तर अधिक चांगले काही बनवणारा तिसरा कुणी उभा कसा राहणार? भांडणात आपला तोटा दिसतो तरी. सलोख्यातला तोटा दिसतही नाही.

तेव्हा प्रश्न भांडणाचा नाही आणि मैत्रीचाही नाही. प्रश्न एवढाच, की मला हे घर सोडून दुसरीकडे जायचे झाले, तर माझे सामान मला नेता येते का?

या प्रश्नाची झळ कुठे बसते, हे आपल्या घरांतून अनेकांनी अनुभवले आहे. वर्षानुवर्षे अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा आयफोनवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्याला आपले व्हॉट्सअ‍ॅपचे जुने संभाषण बरोबर नेण्याची अधिकृत सोय नव्हती. एकाची साठवण गुगलच्या कोठारात, दुसऱ्याची अ‍ॅपलच्या. या कोठाराची किल्ली त्या कोठाराला लागत नसे. परदेशी असलेला मुलगा हौसेने वडिलांना नवा फोन पाठवतो आणि फोन बदलताना आईने पाठवलेले, ती गेल्यानंतर वडील रोज संध्याकाळी ऐकत असलेले आवाजी निरोप मागे राहतात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. अशी वाट बांधण्यात कुणाचा फायदा नव्हता, इतकेच. ती वाट २०२१ मध्ये आयफोनकडून अँड्रॉइडकडे आणि २०२२ मध्ये उलट दिशेने बांधली गेली. म्हणजे बांधता येत होती, बांधली नव्हती.

अमेरिकेत तर साध्या संदेशांचीही हीच तऱ्हा. आयफोनवरून आयफोनवर गेलेला संदेश निळ्या चौकटीत दिसतो, अँड्रॉइडशी झालेला हिरव्या. हिरव्या संदेशातून पाठवलेले व्हिडिओ अंधूक आणि तुटक दिसत. सप्टेंबर २०२२ मध्ये एका परिषदेत एका श्रोत्याने टिम कुक यांच्याकडे तक्रार केली, की माझ्या आईला मला नीट व्हिडिओ पाठवता येत नाहीत. कुक यांनी उत्तर दिले, की आईला आयफोन घेऊन द्या. सभागृहात हशा पिकला असेल. पण आई-मुलाच्या मध्ये उभे राहून भिंतीचे भाडे मागावे, तसे ते उत्तर होते. शेवटी २०२४ मध्ये अ‍ॅपलने दोन्हीकडे चालणारी संदेशपद्धत स्वीकारली आणि त्या भिंतीला निदान एक खिडकी पडली.

आपल्या हाती काय?

खिडक्या पाडता येतात, हे सांगायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. जानेवारी २०११ पूर्वी मोबाइल कंपनी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा आणि सगळ्या गोतावळ्याला कळवत बसायचे. त्या महिन्यापासून देशभर नियम आला, की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येईल. नंबर कंपनीचा होता, तो आपला झाला. २०१६ मध्ये यूपीआय आले. भाजीवालीच्या गाडीवर एका कंपनीचा चौकोनी कोड असतो, आपल्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे अ‍ॅप असते, तिचे खाते एका बँकेत, आपले दुसऱ्या. तरी वीस रुपयांची कोथिंबीर-मिरची सुखरूप घरी येते. या कंपन्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी आहेत. त्यांनी जरूर भांडावे. पण रस्ता सगळ्यांचा एकच राहील, असा नियम आधी केला गेला. म्हणून त्यांच्या भांडणात भाजीवालीचा गल्ला अडकत नाही.

नियम आपोआप होत नाहीत, कुणीतरी तक्रार करावी लागते. २०१८ साली तिघा तरुणांनी केलेल्या तक्रारीतून भारतीय स्पर्धा आयोगापुढे गुगलविरुद्धचे अँड्रॉइडचे प्रकरण उभे राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलात काही निर्देश रद्द झाले, पण मार्च २०२३ मध्ये दंड कायम राहिला. दरम्यान, शोधासाठी कोणते इंजिन वापरायचे हे नव्या फोनवर निवडण्याची मुभा भारतीयांना देण्याचे गुगलने मान्य केले. युरोपने मार्च २०२४ पासून कायदा लागू करून अ‍ॅपलला दुसऱ्यांच्या दुकानांसाठी दार किलकिले करायला लावले. हे न्यायाचे चाक सावकाश फिरते, पण फिरते.

तोवर घरच्या घरी करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. फोन बदलण्याआधी, जुना हातात असतानाच, काय काय नव्यावर येणार नाही ते पाहून घ्यावे. लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, गेलेल्या माणसांचे आवाज यांची एक प्रत कोणत्याही कंपनीच्या कोठाराबाहेर, घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवावी. वर्गणी भरताना अ‍ॅपमध्ये भरण्याआधी त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरचा दर पाहावा; अडतीचा भार कधी कधी तिथे नसतो. आणि जवळच्या पाच-दहा माणसांचे नंबर वहीत लिहून ठेवावेत. पूर्वी प्रत्येक घरात टेलिफोनशेजारी तशी एक डायरी असायची, तिची पाने पिवळी पडली तरी कुणी ती टाकत नसे.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाकावी, ती म्हणजे अपराधीपणा. फोनमधून एखादे अ‍ॅप गायब झाले, बटण सापडेना, व्हिडिओ अंधूक आला, की आपली आई-वडील मंडळी पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतात. ‘मला मेलीला यातले काही कळत नाही,’ असे म्हणून फोन नातवाच्या हाती देतात. पुष्कळदा तिला सगळे नीट कळलेले असते. वळणावर पाटीच काढून नेलेली असेल, तर वाट चुकणाऱ्याचा काय दोष? पुढच्या वेळी आजीने फोन पुढे केला, तर तो नीट करून देण्याआधी तिला एवढे जरूर सांगावे, की आजी, तुझे काही चुकले नाही.